गुरुवारचे आठ प्रश्न

३ ऑक्टोबर, गुरुवार

रद्द झालेल्या वह्यांचा गठ्ठा आज फाडायचा होता. गुडघेदुखीच्या नव्या गोळीवर आमच्याकडे जे संशोधन चालू आहे, त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक वही देतो. रोज एक पान. पानाच्या डोक्यावर पाच तोंडं छापलेली असतात, पहिलं हसरं, पाचवं रडकं. लिहिता न येणाऱ्यानेही गुडघा ज्या दिवशी जसा असेल तशा तोंडावर फुली करायची. कंपनीने दुसरं तोंड बदललं (ते पुरेसं हसत नव्हतं म्हणे) आणि जुन्या साठ वह्या बाद झाल्या. एकोणसाठ फाडल्या. ही एक पिशवीत टाकून घरी आणली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यातली माझी पहिली चोरी.

आमच्या कामात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं धरतात. आणि लिहिलेलं खोडायचं असेल तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. या वहीतही तोच नियम पाळीन.

तीस वर्षं मी अकोल्यात एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर बसलो. मग मोठ्या कंपनीने लॅब घेतली, पेशी मोजणारं यंत्र आलं आणि भगवंतराव घरी आले. तीन वर्षांपूर्वी अमरावतीच्या या दवाखान्यात डॉ. दामिनी वानखडे यांनी मला संशोधनाच्या कामावर घेतलं. रक्त काढून यंत्रात फिरवायचं, नळ्या बर्फात घालून मुंबईला धाडायच्या, कागद भरायचे आणि फोन करायचे. फोनांचे वार ठरलेले: सोमवारी दमा, मंगळवारी साखर, बुधवारी नायटे, गुरुवारी गुडघे. मला आता वार रोगांच्या नावाने कळतात.

बायको, चंदा, पुण्यालाच आहे. लेकीच्या, गीतांजलीच्या, बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली, त्याला सोळा महिने झाले. नातीला सांभाळायला कोणी तरी लागतंच. रोज आठ वाजता फोनवर दिसतात सगळे. नात पडद्यावरच्या माझ्या नाकाला बोट लावते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज अडतीस फोन. आठच प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. गुडघा कसा आहे, गोळी चुकली का, पोटात जळजळ, चक्कर, पुरळ, अंगावर किंवा पायांवर सूज, दुसरं कोणतं औषध किंवा दवाखाना, आणि आठवा, अजून काही सांगायचं आहे का. एका माणसाला चार मिनिटं पुरतात.

सतरा नंबरला एकवीस मिनिटं लागली. फॉर्मवर नाव लिहायचं नसतं, फक्त नंबर. बाई अडुसष्ट वर्षांच्या, चांदूर बाजारजवळच्या खेड्यातल्या. माळ्याच्या घरच्या. चाळीस वर्षं बाजारात मेथी-सांबार (कोथिंबीर) विकत उकिडव्या बसल्या, त्यात गुडघे गेले. नवरा नाही. मुलगा रोहित अकोल्याला कारखान्यात आहे. त्या माझ्या पहिल्या प्रश्नाच्या आधी स्वतःचा एक प्रश्न विचारतात.

"जेवले काय, साहेब?"

अकरा वाजता कोण जेवतं? तरी मी "हो" म्हणतो, कारण "नाही" म्हटलं की काहून नाही, काय केलं, कोण करून देते, असं सुरू होतं. आज तरी सुरू झालंच. चंदा पुण्याला आहे हे मी सांगून बसलो. आठ प्रश्नांत ते कुठेच बसत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

वरूडचे शालिकराम आज नव्याने दाखल झाले. नंबर एकोणचाळीस. संत्र्याच्या पॅकिंगवर पेट्या उचलतात. चौदा पानांचं संमतिपत्र वाचून दाखवताना मी नेहमीप्रमाणे माझं वाक्य टाकलं: "शालिकरामजी, ही औषधाची परीक्षा आहे, तुमची नाही. तुम्ही फक्त पेपर तपासणारे."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "असं हाये काय! मंग टेन्शन नाई."

कागदावरचं मराठी मुंबईत कोणी तरी लिहिलेलं असतं, ते इथे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. माझं हे एक वाक्य शिरतं. डॉक्टर मॅडमही म्हणाल्या, छान समजावता. एकोणचाळीस जणांना हेच सांगितलं आहे. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला दुसरं कोणी घरात नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ नंबरच्या पार्बताबाईंना संशोधनातून काढावं लागलं. पोट जळतं म्हणून गावच्या डॉक्टरकडून परस्पर औषध घेतलं. नियमात बसत नाही. त्या सतरा नंबरच्या शेजारीण.

सतरा नंबरने लगेच विचारलं, "आता पार्बतीले तुमचा फोन नाई येत?"

"नाही. त्या यादीतून गेल्या."

"तिनं पोटाचं सांगतलं म्हून?"

"दुसरं औषध घेतलं म्हणून, बाई."

"हं." मग म्हणाल्या, "मले काई नाई, साहेब. मी एकदम बरी हाये. आठही प्रश्नाले नाई लिहा." मी हसलो. इतकी सोपी माणसं सगळीकडे असती तर संशोधन किती लवकर झालं असतं.

नवी चप्पल आणली म्हणाल्या. जुनी लहान झाली. "अडुसष्टाव्या वर्षी पाय वाढून राहिले काय तुमचे?" असं मी म्हटलं, तर खूप हसल्या.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. पुण्याचं तिकीट मिळालं नाही. खरं म्हणजे उशिरा काढायला गेलो. तिथे गेलं की मी सोफ्याच्या एका कडेला बसतो आणि सगळे माझ्यासमोरून कामं करत जातात-येतात. चंदासुद्धा. "तुम्ही बसा हो," म्हणते. मी काही पाहुणा नाही, पण ते सांगायचं कसं?

आज सुट्टी होती, तरी घरूनच फोन केले. सणाच्या दिवशी विचारलेलं लोकांना आवडतं. गोदाबाईंना सगळ्यात शेवटी केला. (सतरा नंबरचंही नाव लिहिलं. वही माझी आहे.) रोहित आला नाही, सुनेच्या माहेरी गेले. चिवडा कोणासाठी करू म्हणून केलाच नाही म्हणाल्या.

अलीकडे त्या पलंगावर झोपत नाहीत. भिंतीला उशा लावून बसल्या-बसल्याच डोळा लागतो. पलंगात ढेकूण झालेत म्हणे. ढेकणांचं औषध सांगितलं.

त्यांच्या बोलण्याची एक पद्धत मला आवडायला लागली आहे. एक वाक्य बोलतात, थांबतात, मग दुसरं. पूर्वी धडाधड बोलत. आता बोलणं लवकर संपू नये म्हणून जपून खर्च करत असाव्यात. मीही मग घाई करत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हैदराबादहून ओमप्रकाश आला. दर सहा आठवड्यांनी कंपनीतर्फे आमचे कागद तपासायला येतो. पोरगा हुशार आहे, पण पेशंट त्याने कधी बघितलेला नाही, फक्त त्यांचे नंबर बघितले आहेत. दोन दिवस फायली उलटवल्या.

"भगवंतराव जी, आपका सेंटर तो एकदम क्लीन है। चार महीने में एक भी सीरियस शिकायत नहीं।"

गोदाबाईंची पहिली वही त्याने उघडली. सगळ्या पानांवर पहिल्याच तोंडावर फुली. छप्पन्न दिवस, छप्पन्न हसरी तोंडं, सगळ्या फुल्या एकाच निळ्या पेनच्या, एकसारख्या. त्याने भुवई उंचावली. "एक ही दिन में बैठ के भरा है क्या?"

मी म्हणालो, गुडघ्याला आराम पडला आहे बाईंच्या. खरंच पडला आहे. महिन्याभरापूर्वीच्या तपासणीला जिना चढून आल्या होत्या. वजन दोन किलो वाढलं होतं. चालायला लागलं की भूक लागते.

ओमप्रकाश जाताना म्हणाला, कंपनी पुढचं संशोधनही इथेच देईल. मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काही विशेष नाही.

संध्याकाळी उगाच जुनी गोष्ट आठवली. धारणीकडच्या एका लहान मुलीचं रक्त आलं होतं, चिठ्ठीवर फक्त 'अशक्तपणा'. यंत्र असतं तर आकडे देऊन मोकळं झालं असतं. मी काच सरकवत सरकवत एका कोपऱ्यात एक पेशी बघितली, कोयत्यासारखी वाकडी. मग दुसरी. सिकल सेलचा आजार होता. शंभर गोल पेशींत एक वाकडी असली तरी मला दिसायची. तेव्हा साहेब म्हणायचे, भगवंता, तुझ्या डोळ्यातून काही सुटत नाही.

हे इथे कशाला लिहिलं कोण जाणे. दिवसभरात फोनशिवाय कोणाशी बोललो नाही, म्हणून असेल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गोदाबाईंची तपासणी सोमवारी होती. आल्या नाहीत. आज म्हणाल्या, "पुढच्या हप्त्यात येतो ना, भाऊ. थंडी हाये. यष्टीत चढनं होत नाई." साहेबाचा मी भाऊ कधी झालो, लक्षात आलं नाही.

नियमात सात दिवस मागेपुढे चालतं. मी पुढची तारीख दिली. त्यांना बरं वाटलेलं आवाजात कळलं.

घरात कोंदटतं म्हणून रात्री ओट्यावर घोंगडी घेऊन बसतात. या थंडीत! मी रागावलो तर म्हणतात, "आत जीव घाबरा होते. भायेर हवा लागते तं बरं वाटते." एकट्या घरात जीव घाबरतोच. मला सांगायची गरज नाही. मी टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही.

सूज? नाही. अजून काही? नाही. फॉर्ममध्ये आठही नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

तपासणी परत हुकली. सात दिवसांची मुदत संपली, चुकलेल्या तपासणीचा कागद भरला.

आजचा फोन सहाच मिनिटांचा. मला वाईट वाटलं. काही बोललो का मी मागच्या वेळी? त्यांनी मलाच विचारलं, "भाऊ, तुमी... दिवसभर... कोनाशी बोलता?"

"तुमच्यासारख्या एक्केचाळीस जणांशी."

"थे नाई. तुमच्या... तुमच्याशी कोन बोलते?"

मी सहावा प्रश्न विचारला. सूज नाही म्हणाल्या. बोलता-बोलता खोकत होत्या. थंडीचा खोकला.

(शेवटची ओळ एका रेघेने खोडली. भ., १५ डिसेंबर.)

१२ डिसेंबर, गुरुवार

गोदाबाईंनी फोन उचलला नाही. अकरा, एक, साडेचार.

१३ डिसेंबर, शुक्रवार

नाही उचलला.

१४ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस प्रयत्न केल्यावर फाइलीतल्या दुसऱ्या नंबरवर करायचा असतो. रोहितने उचलला.

"कोन? दवाखान्यातून काय? आता आठवन आली तुमाले? माय आयसीयूत हाये माही, अकोल्याले. छातीत पानी झालं. काय गोया देऊन राहिले होते तुमी तिले?"

फोन ठेवला त्याने. मी पुन्हा केला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा त्याने दवाखान्याचं नाव आणि डॉक्टरांचं नाव सांगितलं. बुधवारी पहाटे शेजारच्या पार्बताबाईंनी त्यांना ओट्यावर बघितलं, ओठ निळे पडलेले, बोलता येत नव्हतं.

मॅडमना सांगितलं. कळल्यापासून चोवीस तासांत कंपनीला, संशोधनावर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीला आणि सरकारला कळवावं लागतं. मॅडमनी अकोल्याच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. हृदय थकलं आहे, अंगात पाणी साठलं आहे, फुफ्फुसात पाणी. पाय बोट रुतेल इतके सुजलेले. "हे एका दिवसात होत नाही, भगवंतराव," मॅडम म्हणाल्या. "दीड-दोन महिने चाललं असणार. फोनमध्ये काहीच बोलल्या नाहीत का?"

मी फाइल पुढे केली. नाही, नाही, नाही, नाही.

१५ डिसेंबर, रविवार

ही वही सुरुवातीपासून वाचली.

चप्पल लहान झाली. बसून झोपतात. एक वाक्य बोलून थांबतात. वजन वाढलं. घरात कोंदटतं. खोकला. एकेक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. मी प्रत्येकीवर काहीतरी गंमत करून ती इथे लिहिली आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलं. माझ्या डोळ्यातून काही सुटत नाही म्हणे! त्या दम लागून थांबत होत्या आणि मला वाटलं माझ्यासाठी थांबतात.

त्यांनी लपवलं असेलही. पण मी लपवायला मदत केली. कारण तक्रार निघाली असती तर त्यांना काढावं लागलं असतं आणि गुरुवारचा तो फोन गेला असता. हे मला तेव्हा कळत होतं का? नाही. पण आज लिहिताना हात अडखळला नाही, याचा अर्थ कुठेतरी कळत असावं.

चंदाचा फोन आठ वाजता आला. डोकं दुखतंय म्हणालो.

१६ डिसेंबर, सोमवार

कंपनीचं म्हणणं, बाईंचं वय आहे, आजार आधीपासूनचा असू शकतो, गोळीशी संबंध दिसत नाही, कारण साप्ताहिक फोनमध्ये एकही लक्षण नोंदलेलं नाही. ओमप्रकाश फोनवर तीनदा म्हणाला, "रिकॉर्ड में तो कुछ है ही नहीं।"

रेकॉर्डमध्ये आहे. या वहीत आहे. तारखांसकट.

दुपारभर विचार केला. वही दिली तर कळेल की मला सगळं ठाऊक होतं आणि मी फॉर्मवर लिहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण. नोकरी जाईल. मग पुण्याला जाऊन सोफ्याच्या कडेला बसायचं. शिवाय या वहीत टीव्ही आहे, तिकीट आहे, चिवडा आहे. आधी वाटलं, तेवढ्या ओळी कागदाने झाकून झेरॉक्स काढावी. पण झाकलेला कागद कोण खरा मानेल? आणि मीच घातलेला नियम आहे, खालचं वाचता आलं पाहिजे.

चार वाजता मूळ वहीच मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाऊण तास वाचली. मी समोर बसून होतो. एवढा वेळ माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही कित्येक दिवसांत, आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"आठव्या प्रश्नाखाली दोन ओळी जागा असते, भगवंतराव."

"हो, मॅडम."

"मग इथे का लिहिलं, तिथे का नाही?"

"तिथे तक्रार लिहायची असते. त्यांनी तक्रार केली नाही. त्या नुसत्या बोलत होत्या."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. म्हणाल्या, "बाकीचे चाळीस जण काय काय नुसतं बोलतात, ते उद्या विचारा."

१८ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस फोन. बैल गेला नि झोपा केला, पण करायलाच हवा होता. यादीतले आठ प्रश्न बाजूला ठेवले. किती उशा घेऊन झोपता? चप्पल नीट होते का? जिना चढताना कितव्या पायरीला थांबता? मॅडमनी प्रश्न लिहून नीतिसमितीची परवानगी आणली होती.

वरूडच्या शालिकरामजींनी आधी सगळं छान सांगितलं. मग चप्पल विचारली.

"चप्पल नाई घालत आता. पाय मावत नाई. अनवानीच जातो पॅकिंगवर."

"मग मागच्या गुरुवारी सूज विचारली तेव्हा का नाही म्हणाले?"

"आता कसं सांगू, साहेब? तुमीच तं म्हटलं होतं ना, औषधाची परीक्षा हाये, पेपर तपासनारे आमी. एवढ्या मायेनं इचारता तुमी. मंग मी काहून मार्क कमी करू? आपल्या दारी आलेल्याचं औषध आपन नापास करत नसतो."

माझं ते वाक्य. बेचाळीस जणांच्या डोक्यात शिरलेलं. पाहुण्याला विचारलं भाजी कशी झाली, तर खारट झाली कोण म्हणतं?

"शालिकरामजी, औषध नापास झालं तरी चालतं. नापास करायलाच तर ठेवलंय तुम्हाला."

"असं हाये काय? मंग थे तवाच सांगाचं ना!"

चाळिसांत तिघांना सूज निघाली. तिघांच्या गोळ्या आज बंद केल्या, तपासणीला बोलावलं. शालिकरामजी नातवासोबत येतील. अजून कोणाच्या छातीत पाणी झालेलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

बसने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरला बस अर्धा तास उभी होती, तेवढ्यात दोनदा वाटलं परतीची बस धरावी.

रोहित वॉर्डाबाहेर होता. तिशीतला, डोळे झोपेवाचून लाल. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "दर गुरुवारी तुमीच बोलत होते काय मायशी?" मी हो म्हणालो. "मी रविवारी करत होतो. दोन मिनिटं. बरी हाये म्हने." मग त्याने माझी पिशवी हातातून घेतली आणि बाकावर ठेवली.

गोदाबाईंना मी तपासणीत दोनदा पाहिलेलं, तरी ओळखू आल्या नाहीत. नाकात नळी, अंगातलं पाणी उतरल्यावर केवढ्याशा झालेल्या. मला मात्र त्यांनी आवाजावरून लगेच ओळखलं.

"जेवले काय, भाऊ?"

मी स्टूल ओढून बसलो. त्यांनीच विचारलं, "औषध पास झालं काय?"

"नाही, बाई. नापास."

"माह्यामुळे?" एकदम घाबरल्या. "मी तं सगळे हसरेच तोंडं टाकले होते."

"पाय सुजले तेव्हा मला का नाही सांगितलं?"

रोहित उगाच पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेला. मग त्या म्हणाल्या, "पार्बतीनं सांगतलं, तं तिचा फोन बंद झाला."

परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडलो. शेजारचा माणूस गाढ झोपलेला होता.

२ जानेवारी, गुरुवार

कंपनीने सगळ्या केंद्रांवर गोळी थांबवली आहे. आणखी दोन गावांतून सुजेच्या नोंदी निघाल्या, फोनवर उशा आणि चपला विचारल्यावर. गोदाबाईंना खरी गोळी मिळत होती का खोटी (काहींना औषधाशिवायची गोळी देतात, कोणाला कोणती ते बंद पाकिटात असतं), हे पाकीट फोडून बघितलं गेलं, पण मला सांगितलं नाही, सांगायचं नसतं. विचारलंही नाही.

माझी नोकरी राहिली. नीतिसमितीने लेखी ताकीद दिली. वहीची झेरॉक्स फाइलीत लागली, मूळ वही मॅडमनी परत दिली (१६ ते १९ डिसेंबरच्या नोंदी सुट्या कागदांवर लिहिल्या होत्या, त्या आता आत चिकटवल्या). आतमध्ये त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, फक्त दिवाळीच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

गोदाबाई घरी गेल्या. रोहित चल म्हणाला, पण अकोल्यात त्यांचं मन लागत नाही. पाणी कमी प्यायचं, मीठ नाही, रोज वजन.

९ जानेवारी, गुरुवार

सतरा नंबरची फाइल आज बंद झाली. शेवटचा कागद मी भरला. सहभागी व्यक्तीचा फोन नंबर संशोधनाखेरीज कशालाही वापरायचा नाही, हे त्याच कागदाच्या तळाशी आहे, त्याखाली माझी सही.

अकरा वाजता गुडघ्यांची यादी उघडली. थांबलेल्या संशोधनातही महिनाभर विचारपूस करायची असते. सोळा नंबरनंतर अठरा.

चंदाला म्हणालो, परत कधी येणार? ती म्हणाली, बघू, उन्हाळ्यात. आणि तुमचं काय, बरं आहे ना सगळं? बरं आहे म्हणालो.

१६ जानेवारी, गुरुवार

परवा संक्रांत झाली. दवाखान्यात तीळगूळ आला होता, खाल्ला.

अकरा वाजता यादी काढली आणि पहिला नंबर लावणार, तेवढ्यात संशोधनाचाच फोन वाजला. या फोनवर कधी कोणी फोन करत नाही. प्रत्येकाच्या कार्डावर हा नंबर छापलेला असतो, 'काही झाल्यास लगेच या क्रमांकावर संपर्क करा.' बेचाळीस कार्डं दिली होती, कधी वापरलं नाही कोणी.

"गोदाबाई? काय झालं? दम लागतोय का?"

"काई नाई झालं. गुरुवार हाये ना. अकरा वाजले. तुमचा तं बंद झाला, मंग मीच लावला." आवाज मोकळा होता, मध्ये कुठे थांबत नव्हत्या. "जेवले काय?"

"नाही."

"बरं. गुडघा कसा हाये तुमचा?"

मी हसलो. "बरा आहे."

"गोळी चुकली काय? पोटात जयजय?"

"नाही."

"चक्कर? अंगावर पुरळ? पायाले सूज?" त्यांना आठही पाठ होते, त्याच क्रमाने, कंपनीने छापलेले. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. सातवा झाला. मग त्या म्हणाल्या, "अजून काई सांगाचं हाये काय, भाऊ?"

"नाही, बाई. काही नाही."

"मंग कोनतं तोंड टाकू?"

"हसरंच टाका."

पलीकडे त्या क्षणभर गप्प राहिल्या. दम लागला नव्हता, नुसत्या गप्प होत्या.

"मी बी तेच टाकत होती," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगा."

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं आणि पुन्हा खुर्चीत बसलो. यादीतले बाकीचे फोन आज बारानंतर झाले.